डी म्हणजे तिकडे

मंगळवार, १३ नोव्हेंबर २०१८

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी ९ वाजून ५० मिनिटांनी शाळेत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सपोर्ट केंद्रातून पॅट बोलत होती. हे केंद्र शेजारच्या गावात, बसने पस्तीस मिनिटांवर आहे. ज्या मुलांना भरल्या वर्गात बसवत नाही त्यांना आठवड्यातले काही दिवस तिथे पाठवतात.

२. पॅट म्हणाली, "तुमच्या टेगन फाउलरचा कोट अजून आमच्या खुंटीवर लटकतोय. केवढी थंडी पडलीय. घेऊन जायला सांगाल का पोरीला?"

३. मी म्हणाले, "ती तुमच्याकडेच असते ना? पाचही दिवस."

४. पॅटने कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नाही गं. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तुमच्याकडे पूर्णवेळ परत गेली."

५. मी आमची हजेरी उघडली. टेगन फाउलर, वय चौदा. ८ ऑक्टोबरपासून प्रत्येक सकाळ आणि प्रत्येक दुपार: डी.

६. पॅटने तिकडची हजेरी उघडली. डी.

७. मधली आठवड्याची सुट्टी सोडून शाळेचे एकवीस दिवस आणि आजची सकाळ. दिवसाच्या दोन नोंदी. एकूण त्रेचाळीस.

८. या काळात तिला आमच्याकडे किंवा तिकडे कोणीही पाहिलेलं नाही.

डी हे चिन्ह दोन ठिकाणी नाव असलेल्या मुलांसाठी आहे. डी म्हणजे ती आज तिकडे आहे, तिची हजेरी ते घेतील. डी गैरहजेरीत धरला जात नाही. त्यामुळे घरी फोन जात नाही, पत्र जात नाही, टक्केवारी हलत नाही. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी हे डी आपोआप भरणारा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. या शाळेत नऊशे चाळीस मुलं आहेत आणि सप्टेंबरपासून एकही रकाना रिकामा राहिलेला नाही. मला त्याचा अभिमान होता.

१० वाजून ५ मिनिटांनी विन्स्लेड सरांना सांगितलं. ते उपमुख्याध्यापक आहेत; मुख्याध्यापिका आजारी असल्यामुळे सध्या सगळं त्यांच्याकडेच आहे. ते जिन्यात उभे राहून सातवीच्या पोरांना डाव्या बाजूने चालायला लावत होते. म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत बघू." जेवणाच्या सुट्टीत ते भेटले नाहीत.

नाडी मोजली. ९६. एरवी ६८ असते.

बुधवार, १४ नोव्हेंबर

दोन मेल सापडल्या. दोन्ही टेगनच्या आईच्या, शेरिल फाउलर यांच्या पत्त्यावरून आलेल्या. तारीख शुक्रवार, ५ ऑक्टोबर.

आमच्या ऑफिसला, दुपारी ४:१२: "केंद्राने टेगनला पाचही दिवस घ्यायचं ठरवलं आहे. कृपया तशी नोंद करावी. आभारी आहे."

केंद्राला, ४:१३: "शाळेने टेगनला पाचही दिवस परत घ्यायचं ठरवलं आहे. कृपया तशी नोंद करावी. आभारी आहे."

दोघांनीही तशी नोंद केली. एकमेकांना फोन कोणी केला नाही.

विन्स्लेड सरांनी दोन्ही मेल वाचल्या. "आईचा घोळ झालाय," ते म्हणाले. "ग्लेनिस, तिच्या मोबाईलवर मेसेज टाक."

ग्लेनिस हजेरी बघते. सव्वीस वर्षं या खोलीत आहे. आता जी मुलं येतात त्यांच्या आईबापांनाही तिने उशिरा आल्याबद्दल रागावलेलं आहे. तिने मेसेज टाकला. अकरा मिनिटांनी उत्तर आलं: "टेगनला बरं नाही. घशाचा त्रास आहे, डॉक्टरांना दाखवलं आहे. मीच कळवायला हवं होतं, क्षमस्व."

"घ्या," सर म्हणाले. "मेली नाही ना कोणी?" आणि गेले.

ग्लेनिस पाठीमागून म्हणाली, "तोंड बघा मेल्याचं. दोन दिवस झोपला नसेल, तपासणीवाले येणार म्हणून." तपासणी पथकाचा फोन आला की दुसऱ्या दिवशी ते दारात असतात. या सत्रात येतील असं सगळे धरून चालले आहेत.

मी जुनी फाईल काढली. शेरिल फाउलर यांचे मागच्या वर्षीचे सहा मेसेज आहेत. नमुना: "टेगन येत नाय पोट बिघडलंय तिच". सहांमध्ये मिळून एकही पूर्णविराम नाही. आजच्या एका मेसेजमध्ये तीन पूर्णविराम आणि दोन स्वल्पविराम आहेत. यातून काय निघतं ते ठरवणं माझं काम नाही. नोंदवून ठेवते.

फाईलमध्ये आणखी एक ओळ आहे. २०१६ मध्ये आई हॉस्पिटलात असताना टेगनला काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, चार महिने दुसऱ्या कुटुंबात ठेवलं होतं, चाळीस मैलांवर. ती तिथून दोनदा पळाली.

घराचं दार लावलं की नाही हे तीनदा पाहिलं.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

घरी भेट द्यायची तर दोघांनी जावं लागतं. ग्लेनिसबरोबर जायला आज कोणीच मोकळं नव्हतं, म्हणून मी गेले. मी याआधी कोणाच्याही घरी गेलेली नाही. माझं काम पडद्यावरचं आहे.

स्लूस लेनचं शेवटचं घर. त्याच्यापुढे रस्ता नाही, नुसता कोबी, थेट बांधापर्यंत. पावणेचार वाजले होते आणि अंधारायला लागलं होतं. आजूबाजूच्या घरांत दिवे होते. या घरात नव्हते.

ग्लेनिसने दार वाजवलं. मग टपालाच्या फटीला तोंड लावून ओरडली, "टेगन! मी ग्लेनिस गं, ऑफिसातली. उघड पोरी, गोठले मी इथे."

दार साखळीइतकं उघडलं. मला दिसलं ते असं: डाव्या हाताची चार बोटं, एक डोळा, मोठ्या माणसाच्या स्वेटरची बाही. आतून जंतुनाशकाचा आणि तापवलेल्या दुधाचा वास येत होता.

"आई कुठाय?"

"झोपलीय, मिस."

"उठव की जरा."

"औषध घेऊन झोपलीय. उठवलं की चिडते."

"आणि घसा कसा आहे तुझा?"

ती खोकली. विचारल्यावर खोकली, आधी नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला. लाकडी जमिनीवर काहीतरी आपटल्याचा. तीन ठोके, मग थांबून तीन ठोके. ठोक्यांमधलं अंतर सारखं होतं.

"वर कोण आहे गं?"

"मांजर."

"चांगलंच पोसलेलं दिसतंय," ग्लेनिस म्हणाली. टेगन हसली नाही. तिने तो एक डोळा माझ्याकडे वळवला.

"तुम्ही हे लिहून घेणार का, मिस?"

"हो."

"काय लिहिणार?"

"जे पाहिलं ते."

"मग मी दिसले असं लिहा," ती म्हणाली आणि दार लावलं.

गाडीत ग्लेनिसने फॉर्म मांडीवर घेतला. पहिला प्रश्न: मूल प्रत्यक्ष पाहिलं का? तिने 'हो'वर खूण केली.

मी म्हणाले, "आपण चार बोटं आणि एक डोळा पाहिला."

"अगं, मग बाकीची पोरगी त्याच्यामागेच होती ना! का बोटं एकटीच आली होती दार उघडायला?"

ती हसली. मीही हसले. फॉर्मवर दोन सह्या लागतात. दुसरी माझी आहे.

घरी आल्यावर अर्धा तास गाडीतच बसून होते. मांजर सारख्या अंतराने ठोके देत नाही.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

विन्स्लेड सर माझ्या खोलीत आले. ते कधी येत नाहीत. खुर्ची ओढून बसले.

"ब्रायनी, कालची भेट चांगली झाली म्हणे."

"ग्लेनिसने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही."

"मूल दिसलं, सुखरूप आहे, आजारी आहे. आईने लेखी कळवलंय. मग ते डी चुकीचे झाले ना? ती तिकडे नव्हतीच. ती घरी आजारी होती. आजारपणाचं चिन्ह काय आपलं?"

"आय."

"मग आय कर. पाच आठवडे मागे जाऊन."

"आजारी असल्याचा कागद फक्त परवाच्या मेसेजचा आहे. पाच आठवड्यांचा नाही."

"तू हुशार मुलगी आहेस. फार हुशार आहेस. पण ही शाळा आहे, प्रयोगशाळा नाही." मग हसून म्हणाले, "पथकाने ती रांग बघितली तर पहिला प्रश्न तुझ्या प्रोग्रॅमबद्दल विचारतील. मला तो टाळायचाय. तुझ्यासाठी."

मी म्हणाले, सोमवारपर्यंत विचार करते. ते म्हणाले, जरूर कर. दाराशी थांबून विचारलं, "तुझा पासवर्ड तोच आहे ना, सप्टेंबरमधला? वेळापत्रकाच्या गोंधळात मला दिला होतास तो?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "बदलत जा गं अधूनमधून." त्यांनी माझी अशी काळजी याआधी केली नव्हती.

डीचा आय झाला तर काय होईल ते मांडून पाहिलं. डी राहिला तर तो दोन शाळांमधला प्रश्न असतो आणि कोणालातरी उत्तर द्यावं लागतं. आय झाला की प्रश्न उरत नाही. आजारी मूल घरी आहे. त्या दारातून आत जायचं कोणालाच कारण उरत नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. लिहायला पाहिजे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टेगन माझ्या खोलीच्या दाराशी आली होती. गुरुवार होता, आमच्याकडे यायचा तिचा दिवस. मुलं माझ्याकडे येत नाहीत. त्यांना वाटतं मी प्रिंटर दुरुस्त करते.

"मिस, माझ्या नावापुढे सोमवारी डी का असतो?"

मला प्रश्न आवडला. मी पडदा तिच्याकडे वळवला आणि नीट समजावलं. डी म्हणजे तू तिकडे आहेस. आम्ही मोजत नाही, ते मोजतात.

"आणि गुरुवारी ते डी लावतात?"

"हो. गुरुवारी ते मोजत नाहीत, आम्ही मोजतो."

"मग दोघांनी एकाच दिवशी डी लावला तर?"

मी म्हणाले, "तसं होत नाही."

"का?"

"कारण दोघांपैकी एकाला तू दिसतेस."

ती म्हणाली, "थँक्यू, मिस." तिला एकदाच सांगावं लागलं. मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं, हिला केंद्रात कशाला पाठवतात.

त्या दोन मेल आईने लिहिलेल्या नाहीत. बुधवारचा मेसेजही नाही. हे मला बुधवारीच कळायला हवं होतं. माझ्यापुढे सगळी माहिती होती.

तिने हे का केलं असेल याची दोन कारणं सुचतात. पहिलं: तिला शाळेत यायचं नाही. दुसरं मी लिहीत नाही.

रविवार, १८ नोव्हेंबर

गाडीची किल्ली दोनदा हातात घेतली. दोनदा परत ठेवली.

सोमवार, १९ नोव्हेंबर

दुपारी दीड वाजता मी टेगनची रांग उघडली. डी एकही नव्हता. ८ ऑक्टोबरपासून शुक्रवारपर्यंत पन्नास नोंदी, सगळ्या आय.

प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला याची नोंद प्रणाली ठेवते. ती उघडली. वेळ ११:४०. नाव माझं.

११:४० ला मी मोठ्या हॉलमध्ये होते, अकरावीच्या एकशे ऐंशी मुलांसमोर, सराव परीक्षेचे बैठक क्रमांक वाटत.

नोंदीचा प्रिंट काढला, दोन प्रती. पासवर्ड बदलला. मग परत बदलला, कारण पहिला बदललेला मला आठवेना.

ग्लेनिसला विचारलं. ती डबा उघडून बिस्किट शोधत होती. शोधणं थांबलं. "मी काही बघितलं नाही, पोरी," ती म्हणाली. "मला पाच वर्षं राहिलीत निवृत्तीला." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मांजर नाहीये त्यांच्याकडे. शेरिलला मांजराच्या केसांनी दम लागतो. शाळेत होती तेव्हापासून."

"हे तू गुरुवारी का नाही सांगितलंस?"

"दार लागलं होतं ना मग."

मंगळवार, २० नोव्हेंबर

मी काउंटीच्या बालसुरक्षा क्रमांकावर फोन केला. शाळेच्या फोनवरून नाही, गाडीतून, सुपरमार्केटच्या मागे गाडी लावून. हा फोन शाळेतर्फे विन्स्लेड सरांनीच करायचा असतो. पण नियमात 'कोणीही करू शकतं' असंही लिहिलेलं आहे. ते वाक्य मी छापून शेजारच्या सीटवर ठेवलं होतं.

बाईंचा आवाज दमलेला होता. त्यांनी क्रमाने विचारलं.

"मूल प्रत्यक्ष पाहिलंय का?"

"हो."

"कोणी?"

"मी आणि हजेरीच्या बाईंनी. गुरुवारी."

"हजेरीत आत्ता काय आहे?"

"आजारी."

"पालकांशी संपर्क?"

"मेसेजवर."

कळा दाबल्याचा आवाज येत होता. "मग तुमच्या मते तातडी कसली आहे? मी हे दहा दिवसांच्या यादीत टाकू शकते."

त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिलं होतं. चारही उत्तरं बरोबर होती आणि मुलगी त्यांतून नाहीशी झाली होती.

मी म्हणाले, "मी पुन्हा सांगते. मी चार बोटं आणि एक डोळा पाहिला. हजेरीतलं आजारपण काल दुसऱ्या कोणीतरी माझ्या नावाने भरलंय, माझ्याकडे कागद आहे. आईचे मेसेज मुलगी लिहिते. वरच्या मजल्यावर कोणीतरी तीन-तीन ठोके देत होतं. मुलगी म्हणाली मांजर. त्यांच्याकडे मांजर नाही."

कळांचा आवाज थांबला.

"तुमचं नाव लिहू का मी?" बाईंनी विचारलं. "नाही दिलंत तरी चालेल."

मला पूर्ण एक मिनिट लागलं असं वाटलं. फोनवर पाहिलं तर नऊ सेकंद झाले होते.

"ब्रायनी मॉल्टबी," मी सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं.

बुधवार, २१ नोव्हेंबर

ग्लेनिसची बहीण स्लूस लेनच्या तोंडाशी राहते. त्यामुळे काउंटीकडून कळायच्या आधी ग्लेनिसकडून कळलं, सव्वादोन वाजता.

सकाळी दहाला काउंटीच्या दोन बाया आणि एक पोलीस गेले. टेगनने दार उघडलं. पूर्ण उघडलं. त्यांना आत घेतलं, बसायला सांगितलं. म्हणाली, चहाचं पाणी ठेवते. आणि मागच्या दाराने गेली. कोबीच्या शेतातून. पोलिसाला कळायला तीन-चार मिनिटं लागली.

शेरिल फाउलर वर होत्या, पलंगावर. सप्टेंबरच्या अखेरीपासून त्यांचे पाय गेलेले आहेत. जुनाच आजार, २०१६ मध्ये उलटला होता तोच. आता ताप होता, मूत्रमार्गाचा संसर्ग रक्तात उतरायला लागला होता. हाक मारायला त्यांच्याजवळ काठी होती. अँब्युलन्सबरोबर आलेल्या नर्सने सांगितलं, आणखी तीन दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं.

तिनेच हेही सांगितलं: चादर त्या दिवशी बदललेली होती. पाठीवर एकही जखम नव्हती, म्हणजे कोणीतरी दर काही तासांनी कूस बदलत होतं. केसांची वेणी घातलेली होती. भिंतीवर औषधांचा तक्ता होता, हाताने आखलेला, सकाळ आणि दुपारचे रकाने, प्रत्येक गोळीपुढे तिरकी रेघ. आमच्याकडे हजर असलेल्या मुलापुढे मारतात तशी. एकही रकाना रिकामा नव्हता.

ग्लेनिस सांगताना मध्येच थांबली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

साडेतीनला विन्स्लेड सर आले. दार लावलं.

"मला आधी सांगायला हवं होतंस."

"तेरा तारखेला दहा वाजून पाच मिनिटांनी सांगितलं होतं."

मी प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. बराच वेळ वाचला, तीनच ओळी होत्या.

"यंत्रणा चुकतात कधीकधी," ते म्हणाले.

"दुसरी प्रत काउंटीला गेली आहे."

ते प्रिंट घेऊन गेले. मला वाटलं होतं मी घाबरेन. माझ्या लक्षात आलं की माझी भीती या खोलीतच नव्हती. ती शेतात कुठेतरी होती. बाहेर दोन अंश होतं.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

रात्र गेली. सापडली नाही. बांध, पंपघर, कॅरव्हान पार्कमधली हिवाळ्यात बंद असणारी चाकांवरची घरं, सगळीकडे पोलीस फिरत आहेत. कालव्यातही बघत आहेत.

सकाळी मला एक गोष्ट सुचली. ती नऊ दिवसांपूर्वी सुचायला हवी होती. मी तिचं शाळेचं खातं उघडलं, ज्यावर मुलं गृहपाठ पाठवतात.

८ ऑक्टोबरपासून शाळेच्या प्रत्येक दिवशी ती खात्यात आली आहे. सकाळी ८:४० च्या आसपास आत, ३:१० ला बाहेर. मधे साडेबारा ते सव्वा, जेवणाच्या सुट्टीत, काही नाही. तिने एकतीस गृहपाठ पाठवले आहेत. शिक्षकांनी ते तपासले आहेत. इतिहासाला 'फार छान'. गणिताच्या सरांनी लिहिलंय, 'वर्गात लक्ष देतेस ते दिसतं.'

मी हे वाचून खाली स्वच्छतागृहात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. किती वेळ ते मोजलं नाही.

परत आले तेव्हा पडद्यावर शेवटची नोंद पाहिली. आज, गुरुवार, ८:४४. मोबाईलवरून. दोन मिनिटं.

म्हणजे आज सकाळी ८:४६ पर्यंत ती जिवंत होती. पोलिसांना लगेच कळवलं. ते मोबाईल कंपनीकडून ठिकाण मागवत आहेत. नंतर फोन बंद झाला. चार्ज संपला असेल. किंवा तिने बंद केला असेल. तिसरी शक्यता आहे, ती मला माहीत आहे.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

८:४१. आत आली. तीन मिनिटं. नवा निरोप आहे का तेवढं पाहिलं आणि गेली. काही उघडलं नाही. फोन पुन्हा बंद; कंपनीने पोलिसांना दिलेलं ठिकाण काही मैलांच्या घेराचं आहे. ती वाट पाहते आहे, पण कशाची ते ठरवता येत नाही.

शोधाच्या प्रमुख पोलीस बाईंना विचारलं, मी खात्यावर लिहू का. त्या म्हणाल्या, लिहा, पण खोटं आश्वासन देऊ नका. एकदा खोटं पकडलं की या वयाची मुलं पुन्हा वाचत नाहीत. मी म्हणाले, तो त्रास माझ्या बाबतीत होणार नाही.

ग्लेनिस दुपारी हॉस्पिटलात जाऊन आली. मी तिच्याकडून आईचा निरोप शब्दशः घेतला. चार वेळा लिहिलं. तीन वेळा पुसलं. एकात मी 'सगळं ठीक होईल' असं लिहिलं होतं. दुपारी २:२० ला पाठवलं ते असं. प्रत ठेवते.

टेगन,

मी ब्रायनी मॉल्टबी, हजेरीच्या संगणकाचं काम करते. काउंटीला फोन मी केला. ग्लेनिसने नाही, शेजाऱ्यांनी नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर.

तुझी आई मोठ्या हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर आहे. ताप काल रात्री उतरला. ती शुद्धीवर आहे, बोलते, काल दोन चमचे सूप घेतलं. नर्सने विचारलं की हिची इतकी नीट काळजी कोणी घेतली. तिने तुझं नाव सांगितलं. तिने तुझ्यासाठी निरोप दिलाय: "तिला म्हणावं मी रागावले नाय तू जेवलीस का ते कळव".

तुला नंतर कुठे ठेवतील ते मला माहीत नाही. चाळीस मैलांवर ठेवणार नाहीत असं मी लिहू शकत नाही, कारण ते मी ठरवत नाही. मी एवढं लिहू शकते: तू काय काय केलंस ते सगळं, औषधांच्या तक्त्यासकट, मी लिहून काउंटीला दिलं आहे आणि त्यावर माझी सही आहे. तिथे जे कोणी ठरवतील त्यांना ते वाचावं लागेल. तू म्हणशील तर ठरवताना मी खोलीत बसेन.

सोमवारी सकाळी आईला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवणार आहेत, दोन तास लांब. त्याआधी तिला तू दिसायला हवी आहेस. मी शनिवारी आणि रविवारी सकाळी नऊपासून हॉस्पिटलच्या पुढच्या दारात, औषधांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसेन. येता येत नसेल तर आहेस तिथलं नाव कळव, मी गाडी घेऊन येते. तू लिहिलेलं मी पोलिसांना दाखवीन. न दाखवता येईन असं सांगणार नाही.

कृपया रविवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत उत्तर दे. एक शब्द लिहिलास तरी चालेल.